शेवटच्या पंगतीतली मिनिटं

८ एप्रिल २०२४. दुसऱ्या दिवशी पाडवा होता. घरातले सगळे झोपल्यावर रात्री साडेबाराला मी अमेरिकेतल्या महिलांच्या कॉलेज बास्केटबॉलचा अंतिम सामना बघत बसले होते. क्लीव्हलंडमध्ये तेव्हा रविवारची दुपार होती. एका बाजूला आयोवा विद्यापीठ आणि त्यांची केटलिन क्लार्क, दुसऱ्या बाजूला मोसमभर एकही सामना न हरलेला साउथ कॅरोलायनाचा संघ. आयोवाने सुरुवातीलाच १०-० अशी मुसंडी मारली. एकट्या क्लार्कने पहिल्या क्वार्टरमध्ये १८ गुण केले. मग हळूहळू सामना फिरला आणि साउथ कॅरोलायनाने तो ८७-७५ असा जिंकला. एक कोटी ऐंशी लाखांहून जास्त अमेरिकनांनी तो टीव्हीवर पाहिला आणि पुढचे कित्येक दिवस चर्चा चालली ती क्लार्कच्या ३० गुणांची. मी मात्र वहीत वेगळाच आकडा लिहून ठेवला : ३७-०.

साउथ कॅरोलायनाच्या बाकावरून उठून मैदानात गेलेल्या मुलींनी ३७ गुण केले होते. आयोवाच्या बाकावरून आलेल्या मुलींचा एकही गुण नव्हता.

हा आकडा मला अजून सोडत नाही, कारण बाकावर बसणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. आणि कॉलेजच्या संघात किती जणांना खेळवायचं हा प्रश्न फक्त डावपेचांचा आहे, असं मला वाटत नाही. विद्यापीठ मुलांना बोलावतं, शिष्यवृत्ती देतं, चार वर्षं त्यांच्याकडून पहाटेचे सराव करून घेतं. त्या बदल्यात त्यांना काय द्यायचं, हा त्यातला खरा प्रश्न आहे. माझं उत्तर स्पष्ट आहे. नऊ-दहा खेळाडूंना आलटून-पालटून खेळवता येतं, त्याने सामने जिंकता येतात आणि शिक्षणसंस्था म्हणवणाऱ्यांनी ते करायलाच हवं. फक्त त्यांच्या वाट्याला येणारी मिनिटं सामना अटीतटीचा असतानाची असावीत. सामना खिशात पडल्यावरची मिनिटं मी धरत नाही.

आधी समोरच्या बाजूचं म्हणणं नीट मांडते, कारण ते पोकळ नाही. सामना ४० मिनिटांचा, मैदानात एका वेळी पाच, म्हणजे वाटायला एकूण २०० मिनिटं. दहा जणांत सारखी वाटली तर प्रत्येकाला २०. तुमचा सर्वांत चांगला खेळाडू निम्मा वेळ बाकावर बसून पाणी पिणार, आणि त्या वेळात त्याच्याहून कच्चा खेळाडू मैदानात असणार. हे शहाणपणाचं कसं? शिवाय नेम ही लयीची गोष्ट आहे. आत-बाहेर करणाऱ्याचा हात बसत नाही. सरावात पाच जणांची जोडणी घट्ट करायला जो वेळ लागतो, तो दहा जणांत वाटला तर कुणाचीच जोडणी पक्की होत नाही. आणि दमण्याचं म्हणाल, तर टीव्हीच्या जाहिरातींसाठी खेळ ठरावीक अंतराने थांबतोच, तेवढ्यात तरणीताठी पोरं श्वास घेतात. सिरॅक्यूज विद्यापीठाचे प्रशिक्षक जिम बोहाईम वर्षानुवर्षं सात जणांवर संघ चालवत राहिले. ड्यूकचे माइक शशेव्हस्की यांचाही हात बदल करताना आखडताच असे. दोघांच्याही नावावर राष्ट्रीय विजेतेपदं आहेत. तेव्हा लहान फळीने जिंकता येत नाही असं म्हणणारा माणूस खोटं बोलतो.

आता माझ्या बाकाबद्दल.

महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात मी दोन वर्षं संघात होते. संघ बारा जणींचा, माझा नंबर साधारण दहावा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आम्ही पंचवीस-तीस गुणांनी पुढे असलो आणि दोन मिनिटं उरली, की सर मागे वळून म्हणायचे, "जा गं, तू पण खेळून घे." जेवून घे म्हणतात तसं. लग्नघरी शेवटची पंगत बसते तेव्हा जिलबी संपलेली असते, वाढप्यांचे हात दुखून आलेले असतात, मांडवाच्या दोऱ्या सोडायला सुरुवात झालेली असते. पोट भरतं, पण आपल्यासाठी पान मांडलं होतं असं काही वाटत नाही. माझी सगळी मिनिटं अशीच शेवटच्या पंगतीतली होती. समोरचा संघ मनाने निघून गेलेला, प्रेक्षक उठलेले, आपल्या मुली बाकावर बुटांच्या नाड्या सोडत असलेल्या.

मग दुसऱ्या वर्षी उपांत्य सामन्यात आमच्या तिघी जणी पाच-पाच फाऊल होऊन बाहेर गेल्या आणि बरोबरीचा गुणफलक असताना, तीन मिनिटं बाकी असताना मला आत जावं लागलं. बाजूच्या रेषेवरून चेंडू आत टाकायचा होता. समोरची मुलगी अंगावर आली. असं कुणी अंगावर आल्याचा मला दोन वर्षांत एकदाही अनुभव नव्हता. पाच सेकंद कशी संपली कळलं नाही. चेंडू त्यांच्याकडे गेला, पुढे सामनाही गेला. मला कुणी बोललं नाही. सरांनीही नाही. पण त्या तीन मिनिटांची तयारी करून घ्यायला त्यांच्याकडे दोन मोसम होते आणि तो सगळा वेळ त्यांनी मला सुरक्षित मिनिटं दिली, ही गोष्ट मी आजही विसरलेले नाही.

जास्त खेळाडू खेळवण्याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणून लोक केंटकी विद्यापीठाच्या मुलांच्या संघाचं देतात, तर तिथेच जाऊ. २०१४-१५चा मोसम. आदल्या वर्षी केंटकी अंतिम सामन्यात कनेक्टिकटकडून ६०-५४ अशी हरली होती. एनबीएमध्ये, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, जातील असं वाटणारी बरीच मुलं परत आली, शिवाय नव्या भरतीतली देशातली अव्वल मुलं दाखल झाली. प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांच्याकडे दहा असे खेळाडू जमले की त्यातला कुणीही दुसऱ्या विद्यापीठात पहिल्या पाचांत बसला असता. त्यांनी सरळ दोन तुकड्या केल्या. पाच जण चार-पाच मिनिटं खेळणार, मग पाचच्या पाच बाहेर आणि दुसरे पाच आत. अमेरिकेला हे फार नवलाचं वाटलं. खो-खो पाहत वाढलेल्या आपल्याला काय वाटणार! आपल्याकडे बचावाला तिघांची तुकडी उतरते, ती बाद झाली की पुढची. तिसऱ्या तुकडीतल्या पोराला कुणी राखीव म्हणत नाही. उलट सामना अटीतटीचा असला की शेवटची मिनिटं काढायची वेळ त्याच्यावरच येते.

केंटकीच्या तुकड्यांनी सुरुवातीला धुमाकूळ घातला. नोव्हेंबरमध्ये कॅन्ससला ७२-४० असं हरवलं. कॅन्सससारख्या संघाचे ५६ पैकी ११ नेम लागले. दमलेल्या पाच जणांवर ताजे पाच जण येऊन आदळतात तेव्हा काय होतं, ते त्या दिवशी दिसलं. कार्ल-अँथनी टाउन्स सरासरी २१ मिनिटंच खेळला आणि जूनमध्ये एनबीएच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर गेला. डेव्हिन बुकर एकाही सामन्यात पहिल्या पाचांत नव्हता. दोन वर्षांनी फिनिक्सकडून खेळताना त्याने एनबीएच्या एका सामन्यात ७० गुण केले. कमी मिनिटं खेळल्याने किंवा बाकावरून आल्याने मुलाचं भवितव्य बुडतं असं म्हणणाऱ्या पालकांनी ही दोन नावं लक्षात ठेवावीत. त्या संघातल्या सहा जणांची त्या वर्षी एनबीएत निवड झाली.

डिसेंबरात ॲलेक्स पॉयथ्रेसच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला आणि तुकड्यांचं गणित मोडलं. पाचाला पाच बदलण्याऐवजी नऊ जणांची नेहमीसारखी फिरती सुरू झाली. सामने मात्र जिंकतच गेले. त्याच महिन्यात शिकागोला यूसीएलए विद्यापीठाविरुद्ध मध्यंतराला गुणफलक ४१-७ होता. ३८-० झाल्यावर ४ एप्रिल २०१५ला इंडियानापोलिसमध्ये उपांत्य फेरीत विस्कॉन्सिनने त्यांना ७१-६४ असं हरवलं. शेवटच्या टप्प्यात केंटकीकडे आघाडी होती. मग एकामागून एक तीन वेळा त्यांची ३५ सेकंदांची मुदत नेम न मारताच संपली. आठवडाभर आधी नोटर डेमविरुद्ध टाउन्सने २५ गुण केले होते, तो मैदानातच होता. चेंडू मात्र बाहेरच घोळत राहिला.

त्या रात्रीपासून एक वाक्य रूढ झालं आहे : जास्त खेळाडू खेळवले की असं होतं, शेवटी कुणी काय करायचं तेच ठरत नाही. मला हे निदान पटत नाही. केंटकीने मिनिटं सारखी वाटली, हे खरं. पण बहुतेक सामने त्यांनी इतक्या मोठ्या फरकाने जिंकले की अवघड मिनिटं मुळात फारशी आलीच नाहीत, आणि आली तेव्हा ती त्याच दोघा-तिघांच्या हातात राहिली. म्हणजे पंगत एकत्र बसली होती, वाढपही सारखं झालं होतं, पण घरचं कर्ज कुणी फेडायचं हे विचारायची वेळ आली तेव्हा थोरल्यांनी धाकट्यांकडे बघितलं नाही. घड्याळ लावून मिनिटं वाटणं सोपं असतं. बरोबरीच्या सामन्यात आठव्या खेळाडूच्या हातात चेंडू देणं कठीण असतं, आणि त्याची सवय नोव्हेंबरपासून लावावी लागते. आणखी एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. विस्कॉन्सिनचा फ्रँक कमिन्स्की त्या रात्री २० गुण आणि ११ रिबाउंड (नेम चुकल्यावर झेललेले चेंडू) घेऊन गेला. समोरचा संघही उत्तम होता. प्रत्येक पराभव हा पद्धतीचा पराभव नसतो.

त्याच स्पर्धेचं पुढचं पान लोक विसरतात. अंतिम सामन्यात विस्कॉन्सिनसमोर ड्यूक होता, लहान फळीचा आदर्श संघ. जानेवारीत एका खेळाडूला काढून टाकल्यामुळे शिष्यवृत्तीवरचे त्यांचे फक्त आठच खेळाडू उरले होते. दुसऱ्या सत्रात ते ९ गुणांनी मागे पडले. सामना हातात आणून दिला तो ग्रेसन ॲलनने. मोसमात त्याची सरासरी साडेचार गुणांचीही नव्हती. त्या रात्री त्याने बाकावरून येऊन १६ गुण केले आणि ड्यूक ६८-६३ ने जिंकला. लहान फळीच्या बाजूने बोलणारे ड्यूकचं नाव घेतात. त्या विजेतेपदावर बाकावरच्या पोराची सही आहे.

आता साउथ कॅरोलायना, कारण माझा सगळा भरवसा त्या उदाहरणावर आहे.

डॉन स्टेली स्वतः पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू सांभाळून खेळ मांडणारी. फिलाडेल्फियाच्या गरीब वस्तीत वाढलेली, ऑलिंपिकमध्ये खेळाडू म्हणून तीन सुवर्णपदकं मिळवलेली. २००८ पासून ती या विद्यापीठाची प्रशिक्षक आहे. २०१७, २०२२ आणि २०२४ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं तिच्या नावावर आहेत. तिच्या संघात नववी-दहावी मुलगी पहिल्या सत्रातच मैदानात दिसते.

कमिला कार्दोसोचं बघा. ब्राझीलची ही उंच मुलगी २०२१ मध्ये सिरॅक्यूज सोडून इथे आली. इथे सेंटरला होती अलिया बॉस्टन, देशातली सर्वोत्तम खेळाडू. कार्दोसो दोन मोसम प्रामुख्याने बाकावरून खेळली. २०२३ मध्ये तिला तिच्या परिषदेतली, म्हणजे विद्यापीठांच्या ज्या गटात हा संघ खेळतो त्यातली, सर्वोत्तम राखीव खेळाडू म्हणून गौरवलं गेलं. दुसरीकडे गेली असती तर पहिल्या दिवसापासून पहिल्या पाचांत बसली असती. ती राहिली. २०२३ साली बॉस्टनसकट पहिल्या पाचही जणी एकदम गेल्या. दुसरा कुठलाही संघ अशा वेळी दोन वर्षं मागे पडतो. साउथ कॅरोलायना पुढच्या मोसमात ३८-० अशी अजिंक्य राहिली. कार्दोसो अंतिम फेरीची सर्वोत्तम खेळाडू ठरली आणि डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडली गेली. दोन वर्षं जी राखीव होती, ती तिसऱ्या वर्षी तयार होती. तिला त्या दोन वर्षांत बॉस्टनचे फाऊल झाल्यावर, सामना अडला असताना आत पाठवलं जात होतं, म्हणून ती तयार होती. आणि मार्च २०२४ मध्ये परिषदेच्या अंतिम सामन्यात झटापटीवरून कार्दोसोला बाहेर काढलं गेलं, एका सामन्याची बंदी आली, तेव्हा राष्ट्रीय स्पर्धेचा पहिला सामना तिच्याशिवाय संघाने ९१-३९ असा जिंकला.

पण मला सगळ्यांत जवळची वाटते ती रेव्हन जॉन्सन. ३१ मार्च २०२३ला डॅलसमध्ये उपांत्य सामना झाला. समोर तोच आयोवाचा संघ. साउथ कॅरोलायना ३६-० अशी आलेली. आयोवाने ठरवलं की बॉस्टनभोवती गर्दी करायची आणि बाहेरच्या मुलींना मोकळं सोडायचं. जॉन्सन तीन गुणांच्या रेषेबाहेर चेंडू घेऊन उभी होती आणि क्लार्कने तिच्याकडे हात झटकला. हिच्याकडे बघायचीही गरज नाही, असा त्याचा अर्थ. ती चित्रफीत देशभर फिरली. साउथ कॅरोलायना ७७-७३ अशी हरली, क्लार्कने ४१ गुण केले. खेळ सोडून द्यावा असं त्या दिवसांत मनात आलं होतं, हे जॉन्सनने नंतर सांगितलं. त्या मोसमात ती मुख्यतः बाकावरून येणारी मुलगी होती. तिला अवघड मिनिटं मिळाली आणि त्यात तिचा अपमान झाला. अवघड मिनिटं देणं म्हणजे हीसुद्धा जोखीम देणं. स्टेलीने पुढच्या मोसमात तिला पहिल्या पाचांत घेतलं. वर्षभराने क्लीव्हलंडमध्ये क्लार्कला रोखणाऱ्यांत तीच पुढे होती. पहिल्या क्वार्टरनंतर क्लार्कचा हात चालेना. अखेरीस तिचे २८ पैकी १० नेम लागले होते.

त्या सामन्याचा शेवट मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. चारेक मिनिटं बाकी असताना आयोवाने फरक पाच गुणांवर आणला होता, ८०-७५. त्यानंतर त्यांचा एकही गुण झाला नाही. रिबाउंडचा हिशेब ५१-२९ असा होता. रिबाउंड म्हणजे शेवटी कुणाचे पाय अजून उडी मारू शकतात, याचा हिशेब. आयोवाच्या मुली कच्च्या नव्हत्या, दमल्या होत्या. आणि साउथ कॅरोलायनाकडून सर्वाधिक १९ गुण केले होते ते टेसा जॉन्सनने. पहिल्या वर्षाची मुलगी, बाकावरून आलेली. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या सामन्यात तिचा हात कापला नाही, कारण तोवर मोसमभर तिला कुणी फक्त 'खेळून घे' म्हटलं नव्हतं.

लयीबद्दल मी उत्तर द्यायचं राहिलंय. नेमबाजाला लय लागते हे मान्य. पण बुकर, ॲलन, टेसा जॉन्सन हे तिघेही बाकावरूनच आले. लय मोडते ती मैदानातून बाहेर आल्यामुळे कमी, आणि कधी बाहेर काढतील या भीतीने जास्त. आपल्याकडे कुठल्याही जिल्हा स्पर्धेत जाऊन उभं राहा. चेंडू हातून निसटला की मुलगी आधी बाकाकडे बघते. चूक झाली की शिट्टी, बदल, आणि वर सगळ्यांसमोर चार शब्द. अशी मुलगी पुढच्या वेळी नेमच मारणार नाही, बाजूला पास देऊन मोकळी होईल. बदल चुकीवर न करता वेळेवर केला पाहिजे. कुणी कितव्या मिनिटाला जायचं आणि कधी बाहेर यायचं हे सामन्याआधी सांगितलेलं असलं, की बाहेर येणं ही शिक्षा राहत नाही. पाचही एकदम बदलण्यापेक्षा दोघी-तिघी बदलाव्यात. चेंडू सांभाळणारी एक आणि उंच मुलगी एक कायम आत ठेवावी, म्हणजे जोडणी तुटत नाही. यात चमत्कार काही नाही. पण आदल्या रात्री कागद घेऊन बसावं लागतं.

या बाबतीत नॉर्थ कॅरोलायनाचे डीन स्मिथ यांनी जे केलं त्याला तोड नाही. १९६१ ते १९९७ अशी छत्तीस वर्षं, ८७९ विजय. त्यांच्याकडे दमलेल्या खेळाडूने मूठ वर करायची पद्धत होती. मूठ वर केली की बदली मिळणार. आणि जो स्वतःहून बाहेर आला, तो दम भरल्यावर स्वतःच परत आत जाऊ शकणार, कोचची परवानगी न मागता. कोचने बाहेर काढलं तर मात्र कोच ठरवणार. किती साधी अट आहे, पण त्यात माणसाची केवढी पारख आहे! खेळाडू दमल्याचं लपवतो कारण बाहेर गेलो तर जागा जाईल ही भीती असते. स्मिथ यांनी ती भीतीच काढून टाकली, मग खरं बोलायला काही मोल द्यावं लागेना. दुसरं म्हणजे त्यांचा निळा संघ. पहिल्या सत्रात मधेच पाच राखीव खेळाडूंना एकदम आत पाठवायचं. दोन-तीन मिनिटं, पण जीव तोडून खेळायची. सामना रंगात असताना. शेवटच्या पंगतीत नाही.

उलट उदाहरणही द्यायला हवं. आयोवा राज्यातल्या ग्रिनेल या छोट्या कॉलेजात डेव्हिड आर्सेनो यांनी १९९०च्या आसपास पाच-पाच जणांच्या झटपट पाळ्यांची पद्धत आणली. वर्षानुवर्षं हरणाऱ्या संघातल्या जास्तीत जास्त मुलांना खेळायला मिळावं, खेळण्यात मजा यावी, हा हेतू. उत्तम हेतू. त्याच पद्धतीत नोव्हेंबर २०१२ मध्ये जॅक टेलर नावाच्या खेळाडूने एका सामन्यात १३८ गुण केले. ४० पैकी ३६ मिनिटं खेळून, १०८ वेळा नेम मारून. विक्रम झाला, देशभर नाव झालं. ज्या पद्धतीचा जन्मच सगळ्यांसाठी झाला होता ती त्या रात्री एकासाठी राबली, याचं मला वाईट वाटतं. बाकावर माणसं जास्त आहेत म्हणजे त्यांच्यावर विश्वास आहे असं होत नाही.

आणि आता जखमेवर बोट ठेवते. मिलेसिया फुलवायली. साउथ कॅरोलायनाच्याच कोलंबिया गावची मुलगी. नोव्हेंबर २०२३ मध्ये पॅरिसला नोटर डेमविरुद्धच्या तिच्या पहिल्याच सामन्यात तिने पाठीमागून चेंडू फिरवून असा बास्केट केला की एनबीएचा जुना महान खेळाडू मॅजिक जॉन्सनने त्याची वाखाणणी केली. दोन मोसम ती मुख्यतः बाकावरून खेळली, सामन्याला २० मिनिटांपेक्षा कमी. २०२५ मध्ये परिषदेतली सर्वोत्तम राखीव खेळाडू ठरली, कार्दोसोसारखीच. त्या एप्रिलमध्ये अंतिम सामन्यात कनेक्टिकटने साउथ कॅरोलायनाचा ८२-५९ असा फडशा पाडला, आणि महिन्याच्या आत फुलवायली एलएसयूला, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाला, निघून गेली. गावातली मुलगी, प्रेक्षकांची लाडकी, थेट प्रतिस्पर्ध्यांकडे. तिच्या मनात काय होतं ते तिचं तिला ठाऊक. पण दहा जणींना खेळवण्याची ही किंमत आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. कार्दोसो थांबली, फुलवायली थांबली नाही. दोघींचंही मला चूक वाटत नाही. वीस वर्षांच्या मुलीला आपल्याला आणखी खेळता आलं असतं असं वाटलं, तर तिने जावं. तिने थांबावं म्हणून तिला कमी लेखायचं, हे कुणीही करू नये.

२०२१ पासून अमेरिकेत खेळाडूला वर्ष वाया न घालवता विद्यापीठ बदलता येतं. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत, आणि त्या तडजोडीत आलेल्या विद्यापीठांना बास्केटबॉलच्या संघात १५ जणांचीच मर्यादा आहे. साहजिकच प्रशिक्षक म्हणू लागले आहेत की पैसा पहिल्या सहा-सात जणांवर लावा, बाकीचे दरवर्षी येतील-जातील, नववीला घडवायचं कशाला, ती तर पुढच्या वर्षी दुसरीकडे असणार. हे ऐकलं की माझ्या पोटात तुटतं. कारण नववी जाते ती बहुधा याच वागणुकीमुळे. तिला कळतं की आपण गरजेपुरते आहोत. तिला अडचणीच्या वेळी आत पाठवलं असतं, चूक झाल्यावरही आत ठेवलं असतं, तर कदाचित तीही कार्दोसोसारखी थांबली असती. कदाचित नसतीही. पण साउथ कॅरोलायनाचे पाचही खांब एकदम गेले तेव्हा घर उभं राहिलं ते आधी बाकावर घडवलेल्या मुलींवर, आणि पैसे देऊन तसा संघ एका उन्हाळ्यात उभा करता आला असता असं मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

आपल्याकडूनही आता मुलं-मुली तिकडच्या कॉलेजांत खेळायला जाण्याची स्वप्नं बघतात. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलं शाळेच्या संघांतून खेळतात, त्यांचे आईवडील प्रशिक्षकांसमोर बसतात. भरतीच्या बैठकीत सगळे प्रशिक्षक एकच सांगतात : आमच्याकडे प्रत्येकाला संधी मिळते. त्यावर समाधान मानू नका. शिष्यवृत्ती किती, वसतिगृह कसं, हे विचारून झालं की एक प्रश्न आणखी विचारा. गेल्या मोसमात जे सामने पाच गुणांच्या आत सुटले, त्यांच्या शेवटच्या दहा मिनिटांत तुमचा आठवा खेळाडू किती मिनिटं मैदानात होता? गुणपत्रिका उपलब्ध असतात, त्यांना शोधून सांगता येईल. उत्तर आलं नाही, किंवा आठव्याचं नावच आठवेना, तर पोराला घेऊन पुढच्या कॉलेजकडे वळा.